कप कुठे असतात

टेसाला कुणी रस्ता सांगायला गेलं की तिचं डोकं फिरायचं. एकवीस वर्षं ती हार्टफर्डमध्ये शाळेची पिवळी बस चालवत होती. बर्फ असो, धुकं असो, मागे पन्नास पोरं बोंबलत असोत, तिने आजवर एक आरसाही फोडला नव्हता. आणि हे तिने ज्याला ऐकवलं नाही असा माणूस तिच्या ओळखीत सापडला नसता.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी ती दोन्ही मुलांना गाडीत घालून उत्तरेला, व्हरमाँटच्या डोंगरात निघाली. अकरा वर्षांची हॅटी पुढे, सहा वर्षांचा लायल मागे. जायचं होतं ओडेट आणि तिचा नवरा मेरिल यांच्याकडे. विशीत असताना टेसाने त्यांच्या मेपलच्या रानात चार हंगाम काढले होते. झाडांना भोकं पाडायची, बादल्यांतून रस गोळा करायचा, गुऱ्हाळाच्या भट्टीत लाकडं सारायची, आणि संध्याकाळी त्यांच्याच स्वयंपाकघरात जेवून वरच्या खोलीत झोपायचं. पुढे लग्न झालं, बस आली, मुलं झाली. गेली सात वर्षं ती तिकडे फिरकलीच नव्हती. नाताळला कार्ड तेवढं न चुकता जायचं.

या खेपेला तिच्या पिशवीत वकिलाने दिलेलं एक पाकीट होतं. मुलांचा बाप, ग्रेग, तीन वर्षांपूर्वी गेला. सकाळी बर्फ उपसायला बाहेर पडला तो परत आत आलाच नाही. आता कुठे टेसाने मृत्युपत्र करायला घेतलं होतं आणि त्यात एक ओळ कोरी राहिली होती. तिला काही झालं तर मुलांना कोण सांभाळणार? आपल्याला काहीएक होणार नाही याची टेसाला पक्की खात्री होती. पण तशी ती ग्रेगलाही होती. म्हणून त्या ओळीत ओडेट आणि मेरिलचं नाव घालायचं तिने ठरवलं होतं. ते नाही म्हणतील हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"आपण असं अचानक का चाललोय?" हॅटीने विचारलं.

"मैत्रिणीला भेटायला कारण लागतं का?"

"सात वर्षं सापडलं नाही वाटतं."

"हॅटी, खिडकीबाहेर बघ. डोंगर आहेत."

निघायचं ठरलं होतं पहाटे पाचला. पण लायलच्या कासवाला शेजारणीकडे पोचवायचं होतं, मग कासवाचा दिवा विसरला, मग कासवाला पुन्हा एकदा टाटा करायचं राहिलं. नऊ वाजले. वाटेत पॅनकेक झाले. डोंगराच्या पायथ्याशी पोचले तेव्हा दुपारचे अडीच झाले होते, वर स्वच्छ ऊन होतं आणि रस्त्याकडेच्या बर्फातून पाण्याचे ओघळ वाहत होते.

पायथ्याला टपालाच्या पेट्यांची रांग होती. तिच्याशेजारी सहा गाड्या ओळीने उभ्या होत्या, खिडक्यांपर्यंत चिखलाने माखलेल्या. तिथून वर जाणारा रस्ता कच्चा.

"सगळ्यांनी गाड्या इथेच का लावल्यात?" हॅटी म्हणाली.

"घाबरतात."

"सगळेच्या सगळे?"

"या रस्त्यावर मी चार वर्षं ट्रक हाकलाय, राणी. रसाने भरलेला."

चिखलाच्या हंगामात तो ट्रक ती फक्त सकाळी, रस्ता गोठलेला असताना हाकायची, हे तिला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. दहाच्या आत चढायचं, नाहीतर गाडी पेट्यांपाशी ठेवून पायी जायचं, हा तिथला नियम पाळण्यातलं पोरही सांगेल. पण सहा गाड्यांच्या शेजारी सातवी लावून, पिशव्या खांद्याला अडकवून, पाहुण्यासारखं चालत जायचं तिच्या जिवावर आलं. तिने गिअर टाकला. पहिल्या वळणापर्यंत सगळं झकास चाललं. दुसऱ्या वळणावर गाडीचं बूड जमिनीला टेकलं, चाकं जागच्या जागी फिरली आणि मागची काच तपकिरी झाली.

"आई," लायल मागून म्हणाला, "आपण खाली खाली चाललोय."

तो मदतीला म्हणून खाली उतरला आणि त्याचा डावा बूट चिखलात राहिला. मुलांसाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट टेसाने मुद्दाम या प्रवासासाठी घेतले होते. तयारीत ती कधी कमी पडायची नाही. ती दोन्ही हातांनी तो बूट उपसत असतानाच वरून एक ठेंगणी बाई खांद्यावर फावडं घेऊन सावकाश उतरत आली. तिने आधी गाडीकडे बघितलं, मग टेसाकडे.

"बस कुठंय गं तुझी?"

"ओडेट, आज काही बोलू नकोस."

"मी काय बोलतेय? एकही आरसा फुटलेला नाही, तेवढं मी पाहिलं." मग तिने फावडं टाकलं आणि टेसाला मिठीत घेतलं, चिखलासकट, आणि बराच वेळ सोडलं नाही. टेसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उन्हामुळे, असं तिने लगेच जाहीर केलं.

हॅटी थोडी लांबच उभी होती. ओडेटला एकदाच पाहिल्याचं तिला आठवत होतं, बाबांच्या अंत्यविधीला. बाकी सगळे फुलं घेऊन आले होते आणि ही बाई सूपचं मोठं पातेलं घेऊन. "तुम्ही सूपवाल्या," हॅटी म्हणाली.

"हो. आणि तू त्यातले गाजराचे तुकडे काढून ठेवले होतेस."

ट्रॅक्टर आता आणला असता तर तोही गाडीच्या सोबतीला राहिला असता. म्हणून त्यांनी चाकांखाली फळ्या सारल्या, म्हणजे रात्री ती चिखलात थिजायची नाहीत, आणि सगळे पायी वर गेले.

मागच्या दारातून आत शिरलं की बुटांची खोली. भिंतीला लागून एक लांब फळी, तिच्यावर बूट ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या टाचेवर रंगाने एक अक्षर. मेरिलचे, ओडेटचे, तिच्या भावाचे, शेजारच्या म्हाताऱ्याचे. आणि शेवटी एक जुनी, तडे गेलेली जोडी. तिच्या टाचेवर टेसाच्या नावाचं पिवळं अक्षर होतं.

"हे अजून ठेवलेस?" टेसा म्हणाली.

"जागा खात नव्हते," ओडेट म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

इथेच टेसाची खात्री दुप्पट झाली. बावीस वर्षं जिचे बूट जपले, तिची पोरं ही बाई टाकेल होय? कागद आजच पुरा करू, असं तिने मनाशी ठरवलं.

मेरिल गुऱ्हाळात होता. रस उकळत असला की तो काहिलीपासून हलायचा नाही. घराला आग लागली तरी आधी पाक उतरवेल, असं ओडेट म्हणायची. लांबलचक काहिलीतून वाफेचा लोट उठून छपरातून बाहेर जात होता. त्याने पळीनेच सलाम केला. "गाडी बघायला येणार होतो," तो म्हणाला, "पण म्हटलं, गाडी काही पळून जाणार नाही. पाक येतोय."

त्या घरात पाहुण्याला बसवून ठेवायची रीत नव्हती. लायलला स्टुलावर चढवून हातात लोण्याची वाटी दिली. फेस उतू यायला लागला की मेरिल "आता!" म्हणणार आणि लायल लोण्याचा कण टाकणार. एवढ्याशा कणाने तो सगळा फेस झपकन खाली बसतो हे बघून लायलला कासवाचाही विसर पडला. हॅटीकडे मागच्या पडवीतून लाकडं आणायचं काम आलं. तासाभराने मेरिलने पळी उंच धरली, तिच्या कडेवरून पाक थेंब थेंब न पडता पदरासारखा लोंबला, तेव्हा त्याने काहिलीचा नळ सोडला. मग परातीत दाबून भरलेल्या बर्फावर गरम पाक ओतून झाला, चिकट तारा काट्याला गुंडाळून खाऊन झाल्या. गोडाने तोंड मिटलं की आंबट काकडी, आणि पुन्हा गोड. लायलने सात काकड्या खाल्ल्या.

ऊन कलायला लागलं तसा मेरिल लायलला घेऊन टाकीतला रस मोजायला गेला. काहिलीपाशी ओडेट राहिली. टेसाने पाकीट काढून बाकावर ठेवलं.

"एक सही हवीय. तुझी आणि मेरिलची." आणि तिने सगळं सांगितलं, बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

ओडेटने पाकिटाला हात लावला नाही. ती फेसाकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली.

टेसाला वाटलं भट्टीच्या आवाजात आपण काहीतरी भलतंच ऐकलं. "नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे अशी सही नाही करणार."

"ओडेट, माझे बूट तू बावीस वर्षं..."

"बूट तुझे आहेत. तुझ्यासाठी मी या काहिलीत उडी मारीन. पण ही मुलं मला ओळखतात कुठे? मी सूपवाली बाई आहे. त्या धाकट्याला तर मी आठवतही नाही."

"म्हणून तर घेऊन आले ना."

"सात वर्षांनी. सही घ्यायला." ओडेटने लोण्याचा कण टाकला. आवाज तिने चढवला नाही. "ऐक. ही दोघं माझ्याकडे राहायला येतील तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस असेल. आई नसलेला पहिला दिवस. त्या दिवशी त्यांना तहान लागेल, आणि या घरात कप कुठे असतात हेसुद्धा त्यांना माहीत नसेल. मग ती अनोळखी बाईला विचारतील, की नुसती तहानलेली बसून राहतील? मी असं मूल होते, टेसा. मला नवव्या वर्षी मावशीकडे टाकलं होतं. मी दोन दिवस पाणी मागितलं नाही."

टेसाला हे ठाऊक नव्हतं. चार हंगाम एका घरात राहून, एका ताटात खाऊन, तिला हे ठाऊक नव्हतं. आपण इतकी वर्षं का आलो नाही, याची कारणं तिने मनात लावून बघितली: बस, शाळा, ग्रेगचं जाणं. सगळी खरी होती. आणि त्यांतलं एकही पुरेसं नव्हतं.

"मला लाज वाटतेय," ती म्हणाली.

"वाटू दे थोडी. आणि लाकूड घाल, भट्टी उतरतेय."

टेसा लाकडांसाठी पडवीकडे वळली, तर दारातच हॅटी उभी होती. हातात लाकडांचा भारा.

"तुला काय झालंय?" हॅटीने विचारलं. "तू आजारी आहेस?"

"नाही. शपथ. घोड्यासारखी ठणठणीत आहे."

"मग आम्हाला का नाही सांगितलं? सही त्यांची, आणि राहणार आम्ही."

ओडेटने काहिलीवरची नजर न काढता सांगितलं, "पोरगी बरोबर बोलतेय." हॅटीने लाकडं भट्टीपाशी ठेवली, एकेक नीट रचली, आणि आणखी आणायला परत पडवीत गेली.

सकाळी टेसा खाली आली तेव्हा बाहेर सगळं गोठून कडक झालं होतं. मेरिलने उजाडतानाच ट्रॅक्टरने गाडी ओढून वर अंगणात आणून ठेवली होती, एकही टोमणा न मारता. टोमण्यांचं काम त्याने ओडेटवर सोपवलं होतं. दहाच्या आत डोंगर उतरायचा होता. पाकीट पिशवीत तसंच बंद होतं, आणि ते तसंच परत न्यायचं हे टेसाने रात्रीच पचवलं होतं. उन्हाळ्यात दोन आठवडे यायचं, पुढच्या मार्चला पुन्हा यायचं, सहीचं नावही काढायचं नाही.

स्वयंपाकघरात हॅटी टेबल मांडत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सिंकवरच्या डावीकडच्या कपाटातून तिने रात्री जेवताना पाहून ठेवलेले कप काढले. कान तुटलेला मेरिलपुढे, निळा ओडेटपुढे, टवका उडालेला आईपुढे. लायलसाठी खालच्या फळीवरचा पत्र्याचा. मग दुसऱ्या कपाटातून स्वतःसाठी एक घेतला, नळाखाली भरला आणि उभ्याउभ्या सगळं पाणी पिऊन टाकलं, ओडेटकडे बघत.

ओडेट तव्यापाशी होती. तिच्या हातातला पॅनकेक उलटायचा राहिला आणि जळला.

"चमचे कुठे असतात ते अजून सापडलं नाही," हॅटी म्हणाली.

"चुलीशेजारचा खण. ओढताना थोडा वर उचलावा लागतो."

"बरं."

निघताना मुलं बुटांच्या खोलीत गेली ती लवकर बाहेर येईनात. टेसा बघायला गेली. फळीवर, तिच्या तडे गेलेल्या जोडीशेजारी, दोन नव्या जोड्या उभ्या होत्या, टाचा बाहेर करून. लायल मोज्यांवर उभा होता आणि हॅटी त्याच्या बुटाच्या टाचेवर पिवळ्या रंगाने अक्षर काढत होती. स्वतःचं तिने आधीच काढलं होतं.

"हॅटी, ते नवे आहेत," टेसाच्या तोंडून निघून गेलं.

"हार्टफर्डमध्ये कुठाय चिखल?"

ओडेट मागून येऊन उभी राहिली होती. "पुढच्या मार्चपर्यंत तुमचे पाय वाढतील," ती म्हणाली. "हे होणार नाहीत."

"म्हणून आम्ही उन्हाळ्यात येणार," हॅटी म्हणाली. "तेव्हा मोठे घेऊन येऊ. हे तू जपून ठेव, आईचे ठेवलेस तसे."

ओडेटने एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि मग मेरिलला हाक मारली.

"अरे, पेन आण. आणि टेसा, काढ ते तुझं पाकीट. दहा वाजायच्या आत."

गाडी पेट्यांपर्यंत उतरली तेव्हा साडेनऊ झाले होते आणि रस्ता दगडासारखा टणक होता. मागे लायल झोपला होता. हॅटीने मोज्यांतले पाय समोर टेकवून वर ठेवले होते, आणि बसमध्ये असं बसलेल्या पोराला टेसाने जागच्या जागी झापलं असतं. आज तिने हीटर त्या पायांकडे वळवला.