बुडावरचा अंगठा

शुक्रवारी सकाळी शेवंतीने वीस मुलांना सांगितलं, "आता आपापली वाटी उपडी करा आणि बुडाला अंगठा दाबा. हलकेच. भोक पाडलंत तर चटणी सगळी मांडीवर येईल."

मुलं खिदळली.

"भट्टीतून सगळ्या वाट्या लालच होऊन येतात. ज्याचा अंगठा, त्याची वाटी. सोमवारी नेऊन भाजते, मग त्यातच खायचं. आपण केलेल्यात खाल्लं की चव वेगळी लागते."

"मावशी, माझा अंगठा निहारएवढाच आहे," सात वर्षांची रसिका म्हणाली.

"मग तू दोनदा दाब. भांडणच नको."

समिधा कुरिअर घ्यायला खाली आली होती, ती क्लबहाउसच्या दारात थबकली. सिल्व्हर पार्कमधल्या या इमारतीत ती आठ महिन्यांपूर्वी राहायला आली होती. बँकेत अधिकारी, घरात भिंतभर पुस्तकं, लिफ्टमध्ये मोजकंच बोलणारी. 'मड, मसाला अँड मिंट' हे उन्हाळी शिबिर तिच्या खिडकीखालीच भरायचं. आधी माती, मग वाफ्यातला पुदिना आणि ओव्याची पानं खुडायची, शेवटी गॅसशिवाय होणारा काहीतरी स्वयंपाक. शिबिर चौथ्या मजल्यावरच्या रुचिताचं. शेवंतीला तिने केबिन रोडवर माठ विकताना हेरलं होतं.

"समिधा, बघ ना, कित्ती क्यूट!" रुचिता म्हणाली. "आणि या आमच्या मावशी, पाहिल्यास ना मागे. हेल्पर. मातीबितीचं ह्या बघतात."

शेवंतीने पदराला हात पुसत मान वर केली. समिधाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नमस्कार, ताई."

शेवंती समिधाची आई होती.

अनोळखी असल्यासारखं वागायचं, असं काही दोघींनी ठरवलं नव्हतं. काम घेतलं तेव्हा आई खुशीत होती. "तुझ्याच बिल्डिंगीत आहे, रोज दिसशील तरी," म्हणाली होती. ती नवघरच्या जुन्या खोलीत एकटी राहायची आणि समिधा फक्त रविवारी जायची. पण शिबिराच्या पहिल्याच दिवशी रुचिता "या लोकांना ना, सगळं दोनदा सांगावं लागतं," असं म्हणाली आणि शेजारी उभी असलेली समिधा गप्प राहिली. आईने ते पाहिलं. बाकीचं तिने आपणहून समजून घेतलं.

त्या शुक्रवारी समिधाने नमस्कार नुसत्या मानेने परतवला आणि खोका घेऊन वर गेली.

शनिवारी सकाळी नवघरहून शेजारच्या चंपाकाकूंचा फोन आला. चहाचं आधण ठेवून आई जरा टेकली, ती उठलीच नाही.

पुढचे चार दिवस आईचा मोबाइल समिधाच्या पर्समध्ये वाजत होता. रुचिता मॅडम. अकरा वेळा. मग मेसेज. 'मावशी किधर हो?' 'ऐसे कैसे चलेगा?' समिधाने दोनदा उत्तर लिहायला घेतलं. 'त्या वारल्या' इतकं लिहिलं की पुढचा प्रश्न दिसायला लागायचा : आप कौन? दोन्ही वेळा तिने लिहिलेलं पुसून टाकलं.

बुधवारी ती नवघरहून कपडे न्यायला सिल्व्हर पार्कला आली. क्लबहाउसमध्ये माइक लागला होता, शिबिराचा शेवटचा दिवस होता. गेटमधून आत येताना तिची नजर पुदिन्याच्या वाफ्यावर गेली. रोपांमध्ये मातीची ढेकळं पडली होती आणि त्यांच्यावर पाइप सोडलेला होता. ढेकळं नव्हती ती. वाट्या होत्या. वीस मुलांनी दोन दोन दिवस बसून केलेल्या, सावलीत वाळवलेल्या, कच्च्या वाट्या कुणीतरी खत ओतावं तशा ओतल्या होत्या. बहुतेकींचा चिखल झाला होता. कडेला पडलेली एक तेवढी शाबूत होती. समिधाने ती उलटी केली. बुडावर दोन अंगठे.

ती वाटी हातात घेऊनच ती क्लबहाउसमध्ये शिरली.

टेबलावर वीस वाट्या ओळीने मांडल्या होत्या. एकसारख्या, गुळगुळीत, सोनेरी रंग फासलेल्या, प्रत्येकीवर नावाचं स्टिकर. त्या रंगावरच हिरवी चटणी वाढलेली. आया मोबाइल उंच धरून फोटो काढत होत्या.

"ही माझी नाही," रसिका म्हणत होती.

"तुझीच आहे बेटा. नाव बघ ना," माइक हातात धरलेली रुचिता म्हणाली.

"माझ्या वाटीला दोन अंगठे होते."

"अगं, भट्टीत भाजलं की अंगठा पुसला जातो. सायन्स आहे ते."

"मावशी तर म्हणाल्या होत्या..."

"मावशी!" रुचिता आयांकडे वळून हसली. "मावशींनी तर दांडीच मारली. ना फोन, ना निरोप. ये लोग ऐसेही होते हैं. काम अर्धं टाकून पळाली बाई, म्हणून भाजायचं सगळं मला निस्तरावं लागलं."

दोघीतिघी सहानुभूतीने हसल्या.

समिधाने टेबलावरची वाटी उचलली, चटणीसकट वर धरून बूड पाहिलं. दोऱ्याने कापल्याच्या गोल रेघा. चाकावर काढलेली, बाजारातून आणलेली वाटी. शिबिरात चाक नव्हतंच कधी. मुलांनी वाट्या बोटांनी दाबून दाबून केल्या होत्या. सात वर्षांच्या पोरीला तिच्याच हातांबद्दल खोटं सांगायचं, आणि त्यासाठी आईला कामचुकार ठरवायचं!

"अंगठा पुसला जात नाही," समिधा म्हणाली.

"सॉरी?"

"भाजल्यावर अंगठा जात नाही. पक्का होतो. आमच्या घरी एक रांजण आहे, त्याच्या बुडाचा अंगठा पन्नास वर्षं झाली तरी तसाच आहे."

"अरे वा, पॉटरीचं पण माहितीये तुला? पुस्तकात वाचलंस वाटतं!"

हो म्हटलं असतं तर सुटली असती. आठ महिने ती असंच सुटत आली होती.

तिने कच्ची वाटी रसिकाच्या ओंजळीत ठेवली. "जपून धर, ओली आहे." मग ती रुचिताकडे वळली.

"पुस्तकात नाही. आणि त्या हेल्पर नव्हत्या, त्या शिकवत होत्या. पळाल्याही नाहीत. शनिवारी सकाळी वारल्या. तुला कळवायचं काम माझं होतं, मी कळवलं नाही. तू करत होतीस ते फोन माझ्या पर्समध्ये वाजत होते."

रुचिताने माइक खाली केला. "तुझ्या पर्समध्ये? का? तू त्यांची कोण?"

शेवटच्या रांगेतल्या मुलालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने समिधा म्हणाली, "मुलगी. शेवंती माझी आई होती. मी कुंभारणीची मुलगी आहे."