नवीकोरी राहिलेली तीनचाकी

मित्रांनो, मी एक जुनी तीनचाकी सायकल आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. कुणी फार गोड बोलायला लागलं की मला वाटतं, याचं काहीतरी काम अडलेलं असणार. माझा स्वभाव असा का झाला, ते ऐका.

माझा जन्म १९६६ सालचा, पिंपरीतल्या एका कारखान्यातला. शिकाऊ मुलांना वेल्डिंग शिकवताना उस्ताद चिमाजींनी उरलेल्या पायपांतून मला घडवून घेतलं. एक सांधा तर त्यांनी चारदा तोडून पुन्हा करायला लावला. मग लाल रंग चढला, रबरी पेडलं बसली, हँडलला घंटी आली. कारखान्याने मला चिंचवडच्या एका बालकाश्रमाला भेट दिलं. हार घातला, फोटो काढला. मला वाटलं, आता काय मजा! पन्नास मुलं मला अंगणभर पळवणार.

कसलं काय! फोटोवाला फाटकाबाहेर पडला आणि तानुबाईंनी मला चादरीत गुंडाळून कोठीच्या खोलीत लोटलं. तानुबाई म्हणजे तिथल्या थोरल्या आया, जवळच्याच खेड्यातल्या. पाहुणे येणार असले की चादर निघायची. एखाद्या मुलाला माझ्यावर बसवून त्या मागून ढकलायच्या. पाहुणे म्हणायचे, "वा, सायकल अगदी नव्यासारखी ठेवलीय!" की मी पुन्हा चादरीत. आठ वर्षं हेच चाललं. शेवटी शेवटी तर कौतुक ऐकलं की मला धडकीच भरायची.

१९७४ साली नीलिमाताई आल्या. आश्रमाच्या कामावर देखरेख करायची आणि आयांना शिकवायचं, अशी त्यांची नेमणूक होती. स्वतःही नुकत्याच पुण्याला प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. हातात वही होती. ती वही पाहूनच मला संशय आला. वहीवाले लोक बघतात कमी आणि लिहितात जास्त.

आश्रमाचे अधीक्षक उद्धवराव त्यांची वाटच पाहत होते. चित्रा नावाची साडेचार वर्षांची मुलगी तिथे होती. ती कधी पळत नसे, दिवसभर भिंतीला टेकून बसे. तिच्या पायांत जोरच नाही असं ठरवून उद्धवरावांनी तिला लांबच्या जिल्ह्यात, अपंग मुलांच्या संस्थेत पाठवायचं पत्र तयार केलं होतं. नीलिमाताईंची सही तेवढी बाकी होती. चित्राची थोरली बहीण कौशल्या मात्र इथेच राहणार होती. दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं.

नीलिमाताईंनी मला बाहेर काढायला लावलं आणि चित्राला माझ्यावर बसवलं. तिने हँडल घट्ट धरलं, पाय वर उचलले आणि तशीच बसून राहिली.

"बघा," उद्धवराव म्हणाले, "पाय हलतच नाहीत."

नीलिमाताईंनी वहीत तसं लिहिलंसुद्धा! मला इतका राग आला म्हणून सांगू! पण पेनाला टोपण लावता लावता त्यांची नजर माझ्या पेडलांवर गेली. त्यांनी खाली बसून बोट फिरवलं. रबरावरच्या रेघा जशाच्या तशा होत्या, आठ वर्षांत कुणी पेडल मारलंच नव्हतं. मग त्यांनी कौशल्येला बसवलं. नऊ वर्षांची धडधाकट मुलगी, तिनेही पाय उचलले आणि कुणीतरी ढकलायची वाट पाहत राहिली. तिसऱ्या मुलानेही तेच केलं.

"एकीचे पाय कमजोर असतील, उद्धवराव. सगळ्यांचे कसे?" त्या म्हणाल्या आणि वहीतली ओळ खोडली. "पंधरा दिवस थांबा. मग सही करायची की नाही ते सांगते."

दुसऱ्या दिवसापासून मुलं दुपारी झोपली की त्या आयांना घेऊन ओसरीवर बसू लागल्या. तानुबाई खांबाला टेकून, तोंड फिरवून बसायच्या. ही बाई आपली नोकरी खायला आलीय, अशी त्यांची खात्री होती. खरं सांगायचं तर माझीही होती.

"तानुबाई, सायकल झाकून का ठेवता?" एकदा नीलिमाताईंनी विचारलं.

"मोडली तं जाब मला इचारत्यात," तानुबाई फटकन म्हणाल्या. "पोरगी नुसती बसून ऱ्हाइली तं कोन इचारतंय? तुमी तरी आल्या आल्या काय बघितलं? सायकलच ना?"

नीलिमाताईंचा चेहरा उतरला. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला शिकवायला आले आणि पहिली चूक मीच केली." त्यांनी कागद काढून लिहिलं, सायकल मोडली तर जाब मी देईन, आणि खाली सही केली. तानुबाईंनी तो कागद आधी कौशल्येकडून वाचून घेतला, मग स्वयंपाकीणबाईंकडून, दोन्ही जुळतंय का ते बघायला! मला त्या पहिल्यांदाच माझ्या जातकुळीच्या वाटल्या.

त्या दिवसापासून मी अंगणात राहू लागले. तानुबाई चित्राचं पाऊल पेडलावर ठेवून, वरून आपला हात दाबून म्हणायच्या, "हितं जोर लाव. व्हय, हितंच." आठ दिवस काहीच झालं नाही. उद्धवराव रोज दारातून डोकावत. मला तर कायम वाटायचं की हे सारं वहीपुरतं चाललंय.

बाराव्या दिवशी चित्राने जोर लावला. मी दोन हात पुढे गेले, मग चार, मग उतारावर जी सुटले ती थेट पाण्याच्या हौदावर! पुढचं चाक वाकलं, घंटी उडाली, चित्रा बाजूला पडली. तानुबाई ओरडत धावल्या. मी मनात म्हटलं, आता पोरीच्या पाठीत धपाटा आणि मी चादरीत. पण त्या मला ओलांडून गेल्या.

"लागलं का गं बाय?"

चित्राने भोकाड पसरलं, उठली आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या कौशल्येकडे पळत सुटली. पळत! उद्धवराव दारातून बघतच होते. मग त्यांनी खिशातलं पत्र काढून पुढे केलं. नीलिमाताईंनी त्यावर आडवं लिहिलं, "मुलगी पळते. बहिणीजवळच राहील."

मित्रांनो, माझं चाक आजही थोडं वाकडंच आहे, रंग तर केव्हाच गेला. माझा संशयी स्वभाव मात्र तसाच आहे आणि तो तुम्हीही थोडासा उचला. एखाद्या घरात, शाळेत, आश्रमात खेळणं अगदी नवंकोरं दिसलं तर लगेच वा म्हणू नका. आधी तिथली मुलं कुठे बसलीत ते बघा.