श्वासाएवढी जागा

"घुबडाला पाठवलेला मेलही परत आला," ती म्हणाली.

"मग त्याचा भाग काढून टाक की," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. "नवा मी लिहितो."

"नको रे बाबा. तू बोलतोस तेव्हा ऐकणाऱ्याला धाप लागते."

अंधांना मजकूर वाचून दाखवणारा त्यांचा प्रोग्रॅम अनेकांनी फुकट, हौसेने लिहिला होता. आता त्याचा परवाना, म्हणजे तो वापरण्याच्या अटी, बदलायच्या, तर प्रत्येकाची संमती हवी होती. घुबड या टोपणनावाच्या कुणीतरी त्यात फक्त विराम लिहिले होते: वाक्य संपल्यावर आवाजाने कुठे, किती थांबायचं. संमती नाही, तर विरामही नाहीत.

दुपारी ऊन टेबलावरून सरकत होतं. ती जुन्या बदलांच्या नोंदी उलट क्रमाने चाळत राहिली. प्रत्येक नोंदीवर करणाऱ्याचं नाव आणि ईमेल. पाण्यात हळूहळू खाली उतरावं तशी वर्षं मागे जात होती. घुबडाचा तोच बंद पडलेला पत्ता, पुन्हा पुन्हा. आणि अगदी तळाशी, एकदाच, वेगळा. कुणाच्या तरी संगणकावरून काम पाठवताना स्वतःचा पत्ता घालायला तो विसरला होता.

तिने त्या पत्त्यावर लिहिलं. उत्तरात फोन नंबर आला.

"तो माझा धाकटा भाऊ," पलीकडची बाई म्हणाली. "घुबड कसलं! आम्ही त्याला मंदोबा म्हणायचो. जेवायला बसला की उठायचाच नाही." मग हळू आवाजात, "गेल्या वर्षी गेला तो."

इकडून तिने संमतीचं सांगितलं.

"म्हणजे आईला विचारायला हवं. तिच्यासाठीच तर करत बसायचा. दिसत नाही ना तिला. थांबा हं."

फोन हातातून हातात गेला. तिने आजींनाही सगळं सांगितलं.

"बाळ, ते काढलं तर काय होईल?" म्हाताऱ्या आवाजाने विचारलं.

"यंत्र वाचेल, आजी. पण न थांबता."

"मग काढू नको गं, माझा होकार आहे. राहू दे. त्याला घाई आवडायची नाही."

आजींनी फोन खाली ठेवला, पण बंद केला नाही. मागे यंत्र कुठलीशी साधी बातमी वाचत होतं. वाक्य संपलं. आवाज थांबला.

फोन कानाला धरून तीही थांबली, पुढचं वाक्य सुरू होईपर्यंत.