ताईच्या दारातली जीप

नदीला तिची जागा परत द्यायची, ही योजना माझीच. हल्ली महिन्याचा पाऊस एका दिवसात कोसळतो. बांध किती उंच करणार? त्यापेक्षा पुराच्या वेळी बांधाची दारं उघडायची, पाणी खालच्या शेतांत पसरू द्यायचं, म्हणजे शहर वाचतं. खालच्या वस्तीला टेकडीवर घरं दिली. पहिली संमती माझ्या ताईने दिली, म्हणून बाकीच्यांनी दिली. पण शेत खाली आणि घर वर, ही पायपीट कोण करणार? दोन वर्षं पूर आला नाही आणि सगळे परत खाली. ताई सर्वांत आधी.

आज दुपारी दारं उघडायची होती. सकाळपासून भोंगा बोंबलत होता. वस्तीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. इंजिनिअरची बहीण हलली तर हलायचं, तेच त्यांचं हवामान खातं. आणि ताई फोनवर म्हणाली, गेल्या वर्षीही तू असाच घसा फोडला होतास, पाणी उंबऱ्याला शिवलंसुद्धा नाही.

शेवटी दारांचं काम ज्युनिअरवर सोपवलं आणि जीप खाली पिटाळली. ताई शेंगा सोलत बसली होती.

"ताई, पाया पडतो तुझ्या, ऊठ."

"मी घरात असताना तू पाणी सोडशील?"

"सोडायला सांगून आलोय."

ताईने माझ्याकडे नीट पाहिलं. तिचा चेहरा उतरला. ती उठली, दाजींना हाक मारली आणि गाईचं दावं सोडायला गेली. माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर आलो तर गल्लीत एक भरलेला ट्रॅक्टर उभा होता. भोंग्याला घाबरून चार घरं निघाली होती, आणि आता त्यावरच्या गाद्या खाली उतरत होत्या.

"साहेबच बहिणीकडे आलेत," शेजारचे आजोबा सुनेला सांगत होते, "मग कसली भीती? उतरवा सामान."

मी ओरडलो, हात जोडले, शिव्या दिल्या. साहेब थट्टा करतात म्हणून दोघं-तिघं हसलेसुद्धा. ताई दारोदार पळत होती. दारं उघडली की पाणी यायला जेमतेम तासभर लागणार होता आणि गल्ली पोराबाळांनी भरलेली होती.

फोन वाजला. ज्युनिअर होता. शहराकडचा बांध खचायला लागला होता, हॉस्पिटलच्या मागेच.

"सर, आता थांबता येणार नाही. वस्ती रिकामी झाली ना?"

मी हो म्हणालो.