ढिगातला कोट

शर्टांच्या त्या कारखान्यात कुणालाच कुणाचं खरं नाव लागत नसे. जी जो भाग शिवायची, तेच तिचं नाव. कॉलरवाली, बाहीवाली, खिसेवाली. आणि आपली ही काजवाली, दिवसभर मान मोडून शर्टांना काजं करणारी. पगार चौघींचाही असा, की महिना संपायच्या आधी तोच संपायचा.

पण मजा केल्याशिवाय माणूस जगतं का? म्हणून महिन्याच्या शेवटच्या रविवारी चौघी बाहीवालीच्या खोलीवर जमायच्या. तिचा नवरा पहारेकरी, रविवारी हमखास कामावर. नियम खिसेवालीनं घातलेले, कारण ती वयानं मोठी आणि आवाजानंही. पाकीट घरी ठेवून यायचं. चहाची साखर जिची तिनं पुडीत आणायची. आणि घरात नुसता पडून असलेला एक कपडा आणून खाटेवरच्या ढिगात टाकायचा. मग जिला जे आवडेल ते तिनं अंगात घालून दारापासून खिडकीपर्यंत ठुमकत चालायचं, बाकीच्यांनी शिट्ट्या मारायच्या. हसून हसून पोट दुखायचं, आणि खर्च म्हणाल तर चमचाभर साखर. मागे एका स्कार्फवरून दोघींची आठवडाभर बोलचाल बंद झाली, तेव्हा खिसेवालीनं आणखी एक नियम घातला: ढिगात पडलं ते परत मागायचं नाही.

काजवाली मात्र दीड वर्षं तिकडे फिरकली नव्हती. तिची नऊ वर्षांची लेक तापाचं निमित्त होऊन चार दिवसांत गेली, तेव्हापासून. "ये गं, घटकाभर मन रमेल," सगळ्या म्हणायच्या. ती हो म्हणायची आणि जायची नाही. लोकांना सांगायला काय जातं?

त्या रविवारी नवराच म्हणाला, "जा जरा. किती दिवस त्या खुंटीकडे बघत बसणार?" खुंटीवर लेकीचा निळा लोकरी कोट होता, काजवालीनं स्वतः शिवलेला. तिनं मनाचा हिय्या केला, कोट खाली काढला आणि पिशवीत कोंबून निघाली.

ढिगातून कोट वर आला. तिघींनीही तो त्या पोरीच्या अंगावर पाहिला होता. कुणी हात लावेना. शेवटी काजवालीच म्हणाली, "अशा काय बघताय? कॉलरवाले, तू घे. तुझ्या पोरीला होईल."

कॉलरवालीची मुलगी अकरा वर्षांची, थंडीत कुडकुडत शाळेत जायची. तरी तिनं विचारलं, "नक्की ना गं?"

"नक्की म्हणजे काय, लिहून देऊ?"

सगळ्या हसल्या. काजवालीही हसली. खिसेवालीचा ढगळ हिरवा झगा चढवून ती खिडकीपर्यंत चालूनसुद्धा आली, आणि सगळ्यांत जास्त शिट्ट्या तिलाच मिळाल्या. इतक्या दिवसांनी आलेलं ते हसू तिला चोरीच्या मालासारखं वाटत होतं.

घरी आल्यावर सवयीनं मान वर गेली. खुंटी मोकळी. चार घटका हसायला मिळावं म्हणून आपण पोरीचा कोट देऊन आलो! नवरा काही विचारायच्या आत तिनं पुन्हा चपला पायांत सरकवल्या. नियम गेला चुलीत. दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत ती मनात एकच वाक्य घोळवत होती: राग मानू नकोस, पण तेवढा कोट मला हवा.

दार उघडताच कॉलरवाली म्हणाली, "बरी आलीस! तुलाच दाखवायला येणार होते."

शिवणारणीच्या घरात कपडा आला की त्याला सुई लागायला कितीसा वेळ? मशीन अजून उघडंच होतं आणि पोर कोट घालून मिरवत होती.

"केवढी मुरड आत दडवली होतीस गं बाई! बाह्यांना दोन बोटं, खाली चार. मला वाटलं, हिला आखूड होणार. सगळी उसवून सोडली. बघ, कसा मापात बसला."

काजवालीनं पाहिलं. वरचा कोट वापरून विटलेला, आणि खाली गुडघ्यांपाशी चार बोटांचा पट्टा गर्द निळा, अगदी कोरा. दर हिवाळ्याला दोन बोटं सोडायची, हे तिनं शिवतानाच ठरवलं होतं. पोरी हां हां म्हणता वाढतात, म्हणून पुढच्या दोन हिवाळ्यांची सोय करून ठेवली होती.

"मावशी, छान दिसतोय?" पोरीनं गिरकी घेतली.

घोळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. "परत दे गं," एवढंच काजवालीच्या तोंडून निघालं, तेही रडत.

कॉलरवालीचा चेहरा उतरला. पण नियमाचं तिनं नावही काढलं नाही. "देते. आत्ता देते. मुरड होती तशी घालते, बस तू," म्हणत ती सुई शोधायला लागली.

काजवाली पोरीपुढे गुडघ्यांवर बसली होती. त्या गर्द पट्ट्यावरून तिचा हात फिरत होता.

"नको," ती म्हणाली. "राहू दे. माझी एवढी उंच कधी झालीच नाही."

मग मात्र तिला हुंदका आवरेना. कॉलरवालीनं तिला जवळ घेतलं. पोर तशीच उभी राहिली, कोट काढावा की अंगात ठेवावा हे तिला कळेना.