दुपारच्या सह्या

सकाळी सातला थोरल्या वहिनीने सासूबाईंचं अंग पुसून चादर बदलली. आठला धाकट्या जावेच्या मुलींचे डबे भरले, नवाला दिराच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावलं. दहाच्या सुमाराला वाचनालयातून निरोप आला, की उद्या रक्तदान शिबिर आहे, सतरंज्या झटकून ठेवायच्या आहेत.

"वहिनी मोकळीच आहे, पाठवतो," दीर फोनवर म्हणाला.

ती मोकळी आहे हे त्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. झाडं लावायची असली की खड्ड्यांना पाणी घालायला ती, लसीच्या रांगेत नावं लिहायला ती, सभा संपल्यावर खुर्च्या रचायलाही तीच. फोटोत ती कधी नसे. फोटोतल्या मंडळींनी हातात धरलेले पेले मात्र तिने विसळलेले असत. समाजसेवक व्हायला माणसाकडे मोठं मन असावं लागतं असं म्हणतात. खोटं आहे ते. घरात एक विधवा असली की भागतं.

दिराचं रंगाचं दुकान होतं आणि वस्ती विकास समितीचं अध्यक्षपद होतं. दोन्ही ठिकाणी काम एकच, वरून हात फिरवायचा. सचिव होते निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी समोर बसलेला प्रत्येक माणूस सातवीत नापास झालेलाच दिसे. तिसरा ठेकेदार. त्याचं समाजावर इतकं प्रेम, की समाजाला काय हवं हे समाजाच्या आधी त्याला कळे.

त्या वर्षी पालिकेचं पत्र आलं. प्रत्येक वस्तीने आपल्यासाठी एक काम निवडावं. घरोघरी जाऊन लोकांना विचारावं, घरातल्या कुणाही प्रौढ माणसाची सही घेऊन अर्ज भरावा, आणि सगळे अर्ज जाहीर सभेत वाचून ठराव करावा.

समितीने पत्र वाचायच्या आधीच काम निवडलं होतं. वस्तीच्या तोंडाशी स्वागत कमान, तिच्यावर दिराच्या वडिलांचं नाव. वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तेव्हा मुलाला त्यांना दवाखान्यात न्यायला दीड वर्ष वेळ मिळाला नव्हता. आता ते गेल्यावर त्यांना उंचावर ठेवायची भारी घाई झाली होती.

"अर्ज तर भरायला पाहिजेत. घरोघर कोण हिंडणार?" ठेकेदार म्हणाला.

तिघांनी आपापल्या गुडघ्यांकडे बघितलं.

"आमच्या वहिनी आहेत की," दीर म्हणाला. "अक्षर मोत्यासारखं आहे."

"पण संध्याकाळी नको," मुख्याध्यापकांनी बोट वर केलं. "बाईमाणूस, त्यातून... लोक बोलतात. तुम्ही आपल्या दुपारी जा, वहिनी."

त्या 'त्यातून'पुढे ते थांबले, आणि त्या थांबण्यात तिचं सगळं वैधव्य बसलं. ती चहाचे पेले गोळा करत होती. "बरं," म्हणाली.

इथेच त्या शहाण्यांची चूक झाली. दुपारी पुरुष घरी नसतात, एवढं साधं गणित मुख्याध्यापकांना सुटलं नाही.

वस्ती चढावर होती. खाली बाजार, दवाखाना, बसथांबा. वर दोनशे चाळीस घरं. मधे ब्याण्णव पायऱ्यांचा दगडी जिना. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला दोन पुरुष खोल उघडा नाला. कठडा नव्हता. समितीची मंडळी मागच्या रस्त्याने गाडीवरून येत-जात. त्यांचे पाय त्या जिन्याला कित्येक वर्षांत लागले नव्हते.

अकरा दुपारी ती त्या जिन्यावरून हिंडली. उन्हात पायऱ्या चकाकत, आणि तिच्या ओठांवर आपसूक ओळ येई:

पायरी बाई पायरी, दगड झाला गुळगुळीत,
कुणाची गं टाच झिजली, कुणी बसलंय सावलीत.

सातव्या घरात इस्त्रीवाली तापलेली इस्त्री हातात धरूनच दारात आली.

"मला विचारताय?" ती हसली. "मला? अहो, मीठ संपलं का एवढंच विचारतात मला या घरात."

"तुम्हालाच विचारतेय. वस्तीला काय हवं?"

"कठडा हवा. डोक्यावर कपड्यांचं गाठोडं असतं, खालची पायरी दिसत नाही. देवाला म्हणते, पाडायचंच तर भिंतीकडे पाड. निदान कपडे तरी मळायचे नाहीत."

पंचविसाव्या घरात आठवा महिना लागलेली पोर होती. ती लाजली. "मी बसून उतरते, वहिनी. लहान मुलं उतरतात ना, तशी. एकेक पायरी. लोक हसतात, पण बाळ पडण्यापेक्षा लोकांनी हसलेलं बरं."

एका म्हाताऱ्याने तर खाली जाणंच सोडलं होतं. "वर जन्मलो, वरच जाणार," म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. हसून झाल्यावर हळूच म्हणाला, "पण खाली माझा एक दोस्त आहे. चार वर्षं भेट नाही."

ती लिहीत गेली. शब्दाला शब्द. कुणी सही केली, कुणी अंगठा दिला. कित्येकींनी आधी हात पदराला पुसला, जणू सही म्हणजे कुणाच्या तरी घरी पाहुणं जाणं.

शेवटी राहिलं घर क्रमांक एक, तिचं स्वतःचं. दीर दुकानात होता, जाऊ माहेरी गेली होती. आतल्या खोलीत सासूबाई होत्या. दोन वर्षांपूर्वी त्या एकतिसाव्या पायरीवरून घसरल्या, खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवर. मुलगा गेला तेव्हा याच बाई थोरल्या सुनेला सगळ्यांदेखत 'पांढऱ्या पायाची' म्हणाल्या होत्या. आता त्या खोलीत दिवसातून वीस वेळा येणारे पाय तेवढेच होते.

"मला कशाला विचारतेस?" म्हातारी कडाडली. "मी घरात धरली जाते का अजून?"

"कागदावर लिहिलंय, आई. घरातलं कुणीही मोठं माणूस."

म्हातारी छताकडे बघत बोलत गेली, आणि सून लिहीत गेली.

"अंगठा देता का?"

"सही येते मला," सासूबाई फणकारल्या. "हे गेल्यापासून कुणी मागितली नाही, म्हणून काय येत नाही होय?"

त्या दिवशी दोघींना पहिल्यांदाच एकमेकींचं तोंड बघून आरसा पाहिल्यासारखं वाटलं.

शनिवारी समिती बसली. दीर अर्ज चाळायला लागला, आणि त्याचा चेहरा पाणी घातलेल्या रंगासारखा फिकट होत गेला.

"कठडा... कठडा... कठडा... वहिनी, हे काय आहे? कमान कुठाय?"

"कुणी मागितली नाही, भाऊजी."

"कुटुंबप्रमुखाच्या सह्या कुठे आहेत?" मुख्याध्यापक चष्मा सावरत म्हणाले. "या तर सगळ्या बायकांच्या आहेत!"

"दुपारी बायकाच असतात घरी. तुम्हीच सांगितलंत दुपारी जायला."

ठेकेदार मांडीवर थाप मारून हसला. "बायकांना विचारलं की असंच व्हायचं. आज कठडा मागतात, उद्या वाळवणाला दोरी मागतील!"

हसून झाल्यावर निर्णय झाला. वहिनींनी कोरे अर्ज घ्यावेत आणि सगळे नव्याने लिहावेत: स्वागत कमान. सह्यांचं समिती बघून घेईल. बुधवारी पालिकेचा अधिकारी येईल, तेव्हा सभेत अर्ज वाचायलाही वहिनीच उभ्या राहतील.

"व्यासपीठावर एक महिला दिसली म्हणजे बरं दिसतं," मुख्याध्यापक म्हणाले.

"या वेळी फोटोतसुद्धा घेऊ," दीर उदार झाला.

घरी आल्यावर मात्र त्याने आवाज खाली आणला. "भाऊ गेल्यावर तुम्हाला काही कमी केलं का आम्ही? स्वतंत्र खोली दिली. कुणी देतं? या घरात राहायचं तर घराची अब्रू सांभाळायची. नाही जमलं, तर तुमचा मार्ग तुम्हाला मोकळा आहे." बोलता बोलता त्याने तिच्याच हातचं पाणी प्यायलं आणि पेला तिच्याच हातात दिला.

माहेरी आईवडील उरले नव्हते. भाऊ होता, त्याच्या घरी आधीच अंथरूण कमी आणि पाय जास्त. जायचं कुठे?

रविवारी दुपारी ती सासूबाईंच्या खाटेशी कोरे अर्ज घेऊन बसली. पहिला लिहिला, इस्त्रीवालीच्या घराचा. 'स्वागत कमान.' अक्षर सुरेख आलं, आणि त्या सुरेखपणाचीच तिला शिसारी आली.

"काय लिहितेस गं?"

तिने सांगितलं. लपवण्यासारखं त्या खोलीत दोघींपाशी काही उरलंच नव्हतं.

म्हातारीने मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाली, "तर मग आधी माझाच लिही. मला बघू दे, मला काय हवंय ते."

वहिनीने पेनाचं टोपण लावलं.

बुधवारी संध्याकाळी वाचनालयाची जागा भरली. सतरंज्या घालून झाल्यावर बायका नेहमीसारख्या मागे, चपलांजवळ बसल्या. अधिकारी घड्याळ बघत होता. दिराने वडिलांच्या आठवणीने दोनदा डोळे पुसले. ते कोरडेच होते, पण पुसले व्यवस्थित. मग तो म्हणाला, "आता आमच्या वहिनी, एक निरलस स्वयंसेविका, जनतेचं मत वाचून दाखवतील."

तिने पिशवीतून जुने अर्ज काढले.

"घर क्रमांक एक," तिने वाचलं. "अध्यक्षांचं घर. मत देणार, अध्यक्षांची आई. 'मला कमान नको. त्या जिन्याला धरायला काहीतरी करा. मी एकतिसाव्या पायरीवर पडले, तिथून मला एकदा पुढे जायचंय. माझ्या पायांनी. चौघांच्या खांद्यावरून काय, सगळेच उतरतात.' खाली सही आहे."

"वहिनी, खाली बसा," दीर दातांतून म्हणाला. त्याने खूण केली आणि ध्वनिक्षेपक बंद पडला.

ती तशीच वाचत राहिली. आवाज लहान होता, पण सहा वर्षांत तिथे कुणी तो ऐकलाच नव्हता, म्हणून सगळे कान देऊन ऐकत होते. "घर क्रमांक सात—"

"सात माझं!" मागून, चपलांजवळून इस्त्रीवाली उठली. "वाचता कशाला, मीच सांगते ना!"

"ही कुटुंबप्रमुखाची सही नाही!" मुख्याध्यापक ओरडले.

"मग प्रमुखाला म्हणावं, गाठोडं घेऊन उतर एकदा!"

मग पंचविसाव्या घरातली ती पोर पोटातल्या बाळासकट उठली, मग आणखी कुणी. त्या हसऱ्या म्हाताऱ्याने काठी वर केली. अधिकाऱ्याने घड्याळ बघायचं थांबवलं. "पालिकेच्या पत्रात कुटुंबप्रमुख हा शब्दच नाही," तो म्हणाला. "ते अर्ज इकडे द्या, बाई."

त्या दिवशी फोटो निघाला नाही.

दिराने तिची पेटी दाराबाहेर ठेवली. एक दिवस गेला, दोन गेले. वहिनी इस्त्रीवालीच्या पडवीत झोपली. बायको अजून माहेरीच होती, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी आईची चादर बदलायला अध्यक्षांना स्वतः उभं राहावं लागलं, आणि त्यांच्या तत्त्वनिष्ठेला त्या वासाने भोवळ आली. दुपारच्या आत पेटी जागेवर गेली. क्षमा वगैरे कुणी मागितली नाही. असल्या माणसांना लाजही अडचणीपुरतीच वाटते.

"मी येईन," ती उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "पण आईंसाठी. सकाळ-संध्याकाळ. दुपारी मी घरी नसेन."

"दुपारी कुठे चाललात?"

"आमची बायकांची सभा असते."

पाच महिन्यांनी लोखंडी कठडा उभा राहिला. रंग अध्यक्षांच्या दुकानातला, हिरवा. वरच्या टोकाला पाटी लागली: 'अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांतून साकार.' ज्यांनी कठड्याला जीव तोडून विरोध केला त्यांचंच नाव त्यावर लागलं. लाज सोडलेल्या माणसाला पाटी लावायला खिळा कुठेही सापडतो.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी, समिती फीत कुठून आणायची यावर वाद घालत असताना, वहिनी आणि इस्त्रीवाली यांनी सासूबाईंना खुर्चीत बसवून एकतिसाव्या पायरीपर्यंत आणलं. तिथे म्हातारी उभी राहिली. एका अंगाला थोरली सून, दुसऱ्या अंगाला कठडा.

"आई, रंग ओला आहे."

"असू दे. माझ्याच पोराच्या दुकानातला आहे," म्हणत तिने मूठ घट्ट आवळली.

बत्तिसावी पायरी. मग तेहेतिसावी. तिथे ती थांबली, धापा टाकत, खालच्या बाजाराकडे बघत. पुढे जाववेना. पण पडली ती पायरी मागे, वर राहिली होती.

दुसऱ्या दिवशी फीत कापली गेली, भाषणं झाली. "चहाला वहिनींना पाठवा," मुख्याध्यापकांनी निरोप धाडला, आणि वहिनी दुपारच्या सभेला गेल्याचं उत्तर आलं. पाहुण्यांना हात पुढे करताना अध्यक्षांनी कठड्याकडे पाहिलं. हिरव्या रंगात एका म्हातारीची पाच बोटं उमटून वाळली होती. त्यांनी नंतर दोनदा वरून रंग मारून घेतला. बोटं अजून हाताला लागतात.

तुमच्याही वस्तीत एखादी समिती असेल. ती लोकांचं मत किती वाजता घ्यायला जाते, आणि तेव्हा दार कोण उघडतं, एवढं एकदा बघा.