पोवळ्याची सरळ वाट

"आप्पा, ह्यो बैल हाय का भोवरा?" कासरा ओढून घामाघूम झालेला आसाराम ओरडला. "सकाळधरनं चवथ्यांदा गाडी फिरून तितंच आली!"

बांधावर बसलेल्या ईश्वरप्पाने मान खाली घातली. चौदा वर्षे हा बैल, पोवळ्या, त्याच्या तेलघाण्याभोवती फिरला होता. डोळ्यांवर झापड बांधून, उजवीकडे, फक्त उजवीकडे. आमच्या गावात एके काळी नऊ घाणे होते. वडवणीच्या बाजारात करडईच्या तेलाचा वास आला की माणसे आमच्या गावाचे नाव घेत. मग दुकानांत तेलाची चकचकीत पाकिटे आली आणि एकेक घाणा मुका झाला. शेवटचा ईश्वरप्पाचा. श्रावणात त्याने तो बंद केला. आता त्याचाच मुलगा योगीराज ओट्यावर पाकिटे टांगून विकत होता.

राहिला होता बैल. ऊसतोडीला निघण्यापूर्वी आसारामने तो जुंपून पाहावा, जमला तर सोबत न्यावा, एवढीच आप्पाची विनवणी होती. नाहीतर परवाचा बाजार. आणि बाजारातून म्हातारे बैल कुठल्या ट्रकमध्ये चढतात, हे साऱ्या गावाला ठाऊक होते.

"ऱ्हाऊ द्या वो," आसारामची बायको भिवराबाई म्हणाली. "ह्याच्या नादी लागून कारखाना ऱ्हाईल आन् आमी म्हसोबाला परदक्षिणा घालत बसू."

आप्पालाही हसू आले, पण ते ओठांवर टिकले नाही. त्याने उठून धोतराच्या सोग्यातून करडईच्या पेंडीचा तुकडा काढला आणि तो मागे धरून चालू लागला. पोवळ्याच्या नाकपुड्या थरथरल्या. काळ्या, भेगाळलेल्या रानातून तो आप्पाच्या मागोमाग निघाला. सरळ. थेट ओढ्यापर्यंत.

"आरं तिच्या! चालला की!"

आप्पाने पेंड सोग्यात दडवली. तोच गाडी उजवीकडे वळली.

"बघा," भिवराबाई म्हणाली, "तुमी पुढं असाल तरच ह्यो सरळ. मंग चला तुमीबी आमच्यासंगं!"

ती थट्टेने बोलली होती. आप्पाने ती थट्टा मानली नाही.

"येतो," तो म्हणाला.

निघण्याच्या सकाळी गाड्या वेशीत उभ्या होत्या. योगीराज दुकान उघडे टाकून धावत आला.

"बाबा, ह्या वयात ऊसतोड्यांच्या मागं कावून जाता? लोक मला हासत्यात."

"मागं न्हाई रं," आप्पा म्हणाला. "पुढं."

"मंग निदान वाटंत सरकीची पेंड तरी घ्या."

"तोंड लावत न्हाई त्यो. त्याला घाण्याचीच लागतीया."

आप्पाची बायको शिवकांता गाडीजवळ आली. बंद घाण्याच्या तळाची, कोनाड्यातली, डब्यातली सारी पेंड खरवडून तिने एका फडक्यात बांधली होती. ते गाठोडे तिने पुढे केले.

आप्पाने ते हातावर तोलले. आयुष्यभर पेंड तोलणारा तो हात चुकणारा नव्हता. आठ दिवसांची. कारखाना बारा दिवसांच्या वाटेवर होता.

कुणाला काही न सांगता त्याने पहिला तुकडा काढला, मोडून अर्धा केला, अर्धा परत बांधला आणि पोवळ्यापुढे चालू लागला.